सड्यावरची दुर्बीण : सहा इंची डॉब्सोनियन बांधणीच्या नोंदी

८ ऑक्टोबर २०२३, रविवार

गुहागर तालुक्यात, समुद्रापासून दीड किलोमीटरवर आमचे घर आहे आणि मी तालुक्यातल्याच एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. परतीचा पाऊस आता संपत आला आहे, त्यामुळे पुढचे सात-आठ महिने आकाश पाहण्यासाठी हाताशी आहेत. या काळात नुसत्या डोळ्यांपासून सुरुवात करून घरी जोडलेल्या दुर्बिणीपर्यंत पोहोचायचे ठरवले आहे. किनाऱ्यालगत राहणाऱ्या दुसऱ्या कोणाला हेच करायचे असेल, तर त्याचा वेळ आणि पैसा वाचावा यासाठी खर्च आणि चुका जशाच्या तशा लिहीत आहे.

पहिली चूक नोंदी सुरू होण्याआधीच झाली. जिल्ह्याच्या गावी एका गृहस्थांकडून १०×५० ची, म्हणजे दहा पट मोठे दाखवणारी आणि ५० मिमी भिंगांची, जुनी द्विनेत्री ३,००० रुपयांना घेतली. दुकानाच्या उजेडात ती स्वच्छ दिसली होती, पण घरी आल्यावर मोठ्या भिंगाच्या बाजूने विजेरी मारून पाहिली तेव्हा आतल्या भिंगावर बुरशीचे बारीक जाळे पसरलेले दिसले. ही बुरशी काचेवरचा लेप खाते आणि पुसून जात नाही. कोकणात चार पावसाळे कपाटात काढलेले कोणतेही भिंग विजेरी लावल्याखेरीज विकत घेऊ नये. नवी द्विनेत्री ६,८०० रुपयांना मागवली.

१५ ऑक्टोबर, घटस्थापना

काल अमावास्या होती, म्हणून संध्याकाळी साडेसातला चौपाटीवर गेले आणि निराश होऊन परतले. पश्चिमेला समुद्रावर दमट धुरकटपणा होता, मागे सुरूच्या बनाआड निवासस्थानांचे पांढरे दिवे होते आणि अर्ध्या तासात द्विनेत्रीच्या भिंगांवर खारट ओलसर थर चढला. रात्री दहाला घरच्या अंगणातून सहज वर पाहिले, तर आकाश कितीतरी स्वच्छ होते. शनी दक्षिणेला होता, गुरू पूर्वेला वर आला होता आणि शर्मिष्ठा तारकासमूहाच्या एम अक्षरावरून खाली उतरत देवयानी दीर्घिकेचा फिकट डाग द्विनेत्रीत सापडला. तो प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे हे वर्गात अनेकदा सांगितले आहे, पण सांगणे आणि पाहणे यांतले अंतर त्या क्षणी कळले.

साडेसात आणि दहा यांच्यात काय बदलले, ते शेजारच्या तांडेलांनी सांगितले. दिवसभर समुद्रावरून येणारा खारा वारा सूर्यास्तानंतर मंदावतो आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. तो कोरडा असतो आणि ओलसर हवा बाहेर ढकलतो. त्यांच्या होड्या पिढ्यान्‌पिढ्या याच वाऱ्यावर बाहेर पडत आल्या आहेत. भूगोलाच्या पुस्तकात हे मी स्वतः वाचलेले असूनही वापरले नव्हते. यापुढे दहाच्या आधी फक्त चंद्र आणि ग्रह पाहायचे, बाकी सर्व मतलईनंतर.

२२ ऑक्टोबर

चौपाटीऐवजी गावामागचा सडा निवडला. घरापासून चढणीने पंचवीस मिनिटे लागतात. वर जांभ्याचा उघडा कातळ आहे, चारही बाजूंना क्षितिज मोकळे आहे आणि दक्षिणेकडे एकही झाड आडवे येत नाही. आपल्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे साडेसतरा अंशांवर, ध्रुव तारा उत्तरेला तेवढाच वर असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते, म्हणून तो पावणेदोन मुठींवर सापडतो. ध्रुव इतका खाली गेल्याच्या बदल्यात दक्षिणेचे बरेच आकाश आपल्या वाट्याला येते.

सड्यावर फुरशी, म्हणजे लहान विषारी साप, फार आहेत. ताऱ्यांसाठी विजेरीवर लाल जिलेटीन कागद लावतात, कारण पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा तयार व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. परंतु लाल उजेडात फुरसे आणि सुकलेले पान यांतला फरक दिसत नाही. म्हणून चालताना पांढरी विजेरी आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट, आणि जागेवर बसल्यावरच लाल विजेरी, असा नियम केला आहे. यात सवलत नाही.

२९ ऑक्टोबर, पहाटे

कोजागिरी आणि खंडग्रास चंद्रग्रहण एकत्र आले. रात्री १.०५ ते २.२२ या वेळात चंद्राच्या कडेचा लहानसा तुकडा पृथ्वीच्या छायेत गेला. द्विनेत्री हातात धरून पाहताना चंद्र इतका थरथरत होता की, छायेची कड धड पाहता येईना. अखेर आरामखुर्ची अंगणात आणली, तिच्या दोन्ही हातांवर आडवा बांबू बांधला आणि त्यावर द्विनेत्री टेकवली. दहा मिनिटांचे आणि शून्य रुपयांचे काम, पण पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते.

५ नोव्हेंबर

दुर्बिणीचा निर्णय झाला : १५० मिमी व्यासाचा आरसा, १,२०० मिमी नाभीय अंतर (आरशापासून प्रकाश एकत्र येतो तिथपर्यंतचे), डॉब्सोनियन बैठक. जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांनी रूढ केलेली ही बैठक म्हणजे लाकडी पेटीत वर-खाली डुलणारी आणि पेटीसकट गोल फिरणारी नळी. यंत्रशाळा लागत नाही, गावचा सुतार ती करू शकतो.

आरसा स्वतः घासण्याचा मोह झाला होता. या मापाच्या काचेत मध्यभागी जेमतेम १.१७ मिमी खोलगटपणा आणायचा असतो. तो भाग कार्बोरंडमने, म्हणजे घासायच्या कठीण भुकटीने, लवकर होतो. पुढे पॉलिशसाठी डांबर-राळेचा साचा लागतो, आणि तो किती कठीण हवा हे खोलीच्या तापमानावर ठरते. आमच्याकडच्या उकाड्यात तो मऊ पडून काचेचा आकार बिघडवतो हे अनुभवी लोकांकडून ऐकले. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांसाठी काम करते. अशा ठिकाणी जाणकारांच्या शेजारी बसून आरसा घासणे निराळे आणि एकटीने घरी घासणे निराळे. मी तयार आरसा आणि प्रकाश नळीबाहेर वळवणारा तिरका आरसा मिळून ९,५०० रुपयांना मागवला.

१९ नोव्हेंबर

दिवाळीमुळे पार्सल आठवडाभर अडकले, काल मिळाले. आरशावर छापलेल्या आकड्यावर विसंबले नाही, याचे समाधान आहे. अंधाऱ्या खोलीत आरसा भिंतीला टेकवून उभा केला, कागदाला टाचणीने पाडलेल्या छिद्रामागे विजेरी धरली आणि छिद्राची प्रतिमा छिद्राशेजारीच कागदावर स्पष्ट उमटेपर्यंत मागे सरकत गेले. हे अंतर नाभीय अंतराच्या दुप्पट असते. ते २,३८० मिमी भरले, म्हणजे खरे नाभीय अंतर १,१९० मिमी. सूर्याची प्रतिमा पाडून हे माप घ्यायला काही जण सांगतात, ते मुळीच करू नये.

नळीसाठी शेतीच्या पाण्याचा २०० मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप घेतला, १,१५० रुपये. आतून फळ्याचा काळा रंग दोन हात दिला.

२६ नोव्हेंबर

आजचा दिवस वाया गेला आणि दोष सर्वस्वी माझा आहे.

फोकसरचे, म्हणजे नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) पुढे-मागे सरकवणाऱ्या नळीचे, भोक कोठे पाडायचे याचा हिशोब सोपा आहे. आरशापासून निघालेला प्रकाश १,१९० मिमीवर एकत्र येतो. त्यातले १०० मिमी नळीच्या मध्यापासून भिंतीपर्यंत आणि सुमारे ८० मिमी फोकसरच्या उंचीत जातात, म्हणून भोक आरशापासून १,०१० मिमीवर हवे. ‘आरशापासून’ हा शब्द मी वहीत स्वतःच्या हाताने लिहिला होता. भोक पाडताना मात्र टेप पाइपच्या मागच्या कडेला लावली. आरशाची बैठक, स्प्रिंगा आणि काचेची जाडी धरून आरशाचा पृष्ठभाग त्या कडेपासून ६० मिमी आत होता.

दुपारी समोरच्या पोफळीच्या शेंड्यावर रोखून पाहिले, तर फोकस होईना. शंभर मीटरवरच्या वस्तूसाठी फोकस १४ मिमी बाहेर सरकतो हे ठाऊक असल्याने मी पोफळीला दोष दिला आणि चंद्राची वाट पाहिली. उद्या पौर्णिमा, त्यामुळे चंद्र भरघोस होता. नेत्रिका फोकसरमधून पूर्ण बाहेर ओढूनही तो पिठाच्या गोळ्यासारखा दिसत राहिला. मग नेत्रिका हातात धरून आणखी चार बोटे मागे नेली आणि अचानक विवरे उमटली. त्या क्षणी वही उघडून पाहिली. गणिताच्या बाईंनी हे केले आहे, हे शाळेत कोणाला सांगितलेले नाही.

३ डिसेंबर

नवा पाइप घ्यावा की नेत्रिकेला जोडनळी लावावी, यावर चार दिवस विचार केला. जोडनळीने फोकस मिळाला असता, पण तिरका आरसा प्रकाशाच्या शंकूत जास्त रुंद जागी राहिला असता. भोक हलवता येत नाही, मग आरसाच ६० मिमी मागे नेला तर? प्लंबिंगच्या दुकानातून याच पाइपाचा कपलर ४८० रुपयांना आणला, नळीच्या मागच्या टोकावर चढवला आणि आरशाची बैठक त्याच्या आत बसवली. कपलरचा आतला व्यास पाइपापेक्षा मोठा असल्याने प्लायची चकती चहूबाजूंनी चार मिमी सैल पडली. ती सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घट्ट केली. हा उपाय मूळ रचनेपेक्षा बरा निघाला, कारण आरसा धुण्यासाठी आता मागचा भाग अख्खा निघतो.

पेटी तयार नव्हती, तरी धीर निघेना. रात्री अंगणात पेंढ्याच्या भाऱ्यावर नळी आडवी टाकली आणि नळीच्या कडेने नेम धरून आधी शनी, मग गुरू शोधला. २५ मिमीच्या नेत्रिकेतून ४८ पट मोठेपणा मिळतो. शनीचे कडे वेगळे दिसले, गुरूचे पट्टे आणि एका ओळीतले चंद्र दिसले. पेंढा दर मिनिटाला खचत होता आणि गुरू निसटत होता. घरातल्या सगळ्यांनी एकेकदा पाहिले. सासूबाईंनी दोनदा पाहिले आणि नळीत आतून चित्र चिकटवलेले नाही ना, अशी खात्री करून घेतली.

१४ डिसेंबर, गुरुवार

दुर्बीण घरीच ठेवली. मिथुन उल्कावर्षावाचा भर आज मध्यरात्रीच्या सुमारास होता आणि परवाच अमावास्या होऊन गेली होती. सड्यावर चटई टाकून उताणी पडले. साडेअकरा ते साडेबारा या तासात ५८ उल्का मोजल्या. या उल्का धूमकेतूच्या नाहीत, फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या मार्गावरील कण आहेत. उल्कांसाठी दुर्बिणीचा काही उपयोग नाही, पांघरूण मात्र दोन हवीत.

२४ डिसेंबर

बैठक झाली. १८ मिमी मरीन प्लायची अर्धी शीट २,६०० रुपये, सुतारांची मजुरी ३,००० रुपये. सुतार आमच्या वाडीतलेच, होड्यांची डागडुजी करणारे, त्यामुळे ओल्या हवेत प्लायच्या कडा कशा मिटवायच्या हे त्यांना सांगावे लागले नाही. पेटीवर नळी ठेवल्यावर ते दोन पावले मागे सरले आणि म्हणाले, “बाई, तोफ झाली तयार. डागायची कुणावर, त्येवढं सांगा.”

डागण्याजोगी ती अजून झालेली नाही. डॉब्सोनियन टेफ्लॉनच्या तुकड्यांवर लॅमिनेट घसरून फिरते. मी चिपळूणहून टेफ्लॉनची पट्टी आणली आणि सुतारांकडे स्वयंपाकघराच्या ओट्याचा उरलेला गुळगुळीत, चकचकीत सनमायका होता तो लावला. गुळगुळीत म्हणजे चांगले घसरेल, असा आमचा दोघांचा तर्क होता. प्रत्यक्षात नळी आधी हलतच नाही आणि जोर लावला की एकदम दोन अंश पुढे उडी मारते. १२० पट मोठेपणात गुरू एका धक्क्यात गायब होतो. मेण चोळून पाहिले, त्याने धूळ धरली आणि परिस्थिती बिघडली.

७ जानेवारी २०२४

दोन आठवडे गेले. उपाय असा निघाला की, लॅमिनेट खडबडीत, बारीक दाणेदार पोताचे हवे. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत असले की ते एकमेकांना चिकटून बसतात. दाणेदार पोतावर टेफ्लॉन फक्त उंचवट्यांना टेकते आणि सुरुवातीचा अडसर कमी होतो. शिवाय मी टेफ्लॉनचे तुकडे नको तेवढे मोठे कापले होते. ते निम्मे केले. आता एका बोटाने नळी सरकते आणि बोट काढले की तिथेच थांबते. दोन्ही लॅमिनेटचा खर्च ९०० रुपये, त्यातले ४५० वाया गेले.

१३ जानेवारी, शनिवार

पहिल्यांदाच सगळा संसार सड्यावर नेला. नळी भाच्याच्या खांद्यावर, पेटी माझ्याकडे. “मावशी, पुढच्या वेळी तारे खाली बोलाव,” असे तो चढणीवर दोनदा म्हणाला. तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली, जांभा. दिवसभर तापलेला कातळ रात्री साडेनऊपर्यंत उष्णता सोडत होता, त्यामुळे गुरू उकळत्या पाण्यातल्यासारखा दिसत होता. बैठक कातळावरून उचलून शेजारच्या सुकल्या गवतात नेली, तेव्हा फरक पडला.

दुसरी, तारे तीनकोनी दिसत होते. दोन्ही आरशांची जुळणी मी घरी नीट केली होती : मुख्य आरशाच्या मध्यावर वहीच्या भोकाला लावतात ती गोल चिकटपट्टी आणि फोकसरमध्ये जुन्या फिल्मच्या डबीचे मधोमध छिद्र पाडलेले झाकण, एवढ्यावर ती जमते. त्यामुळे जुळणीचा दोष नसावा असे वाटले, आणि तसेच निघाले. आरसा पडू नये या काळजीपोटी मी त्याच्या तिन्ही पकडी करकचून आवळल्या होत्या. तिथल्या तिथे स्क्रू सैल केले, इतके की पकड आणि काच यांच्यात कागद सरकावा. तारे गोल झाले. काच किती थोड्या दाबाने वाकते, हे हातांनी केल्याशिवाय पटत नाही.

तिसरी, दहिवर. साडेअकरापर्यंत शोधक दुर्बीण (नेम धरण्याची छोटी दुर्बीण) आणि तिरका आरसा दोन्ही धुरकटले आणि मृगातला तेजोमेघ डोळ्यांदेखत विझत गेला. भाच्याने रुमाल पुढे केला. त्याला वेळीच अडवले, कारण त्या ओलाव्यात मीठ असते आणि मिठासकट पुसणे म्हणजे आरसा घासणे. झाकण लावून घरी आलो. व्यायामाच्या चटईचा तुकडा नळीच्या तोंडाभोवती २० सेंटिमीटर पुढे येईल असा गुंडाळायचा आहे. नेत्रिका खिशात ठेवल्या तर त्यांवर दव धरत नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

अमावास्या काल होऊन गेली. रात्री पावणेदहाच्या सुमारास अगस्त्य बरोबर दक्षिणेला आला. आपल्याकडे तो जास्तीत जास्त वीस अंश, म्हणजे दोन मुठी वर चढतो. व्याधाखालोखाल आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा. शरदात त्याचा उदय झाला की पाणी निवळते असे जुने लोक म्हणत.

त्याच्याकडे नळी वळवली आणि हात सोडला, तर ती नाक मुरडून जमिनीकडे झुकली. दव अडवण्यासाठी लावलेली चटई आणि शोधक दुर्बीण यांमुळे पुढचा भाग जड झाला होता. उंचावरचे तारे पाहताना हे लक्षात आले नव्हते. नळी आडवी होऊ लागली की तोल उघडा पडतो. आमच्या दक्षिणेच्या मौजा सगळ्या क्षितिजालगतच्या, तेव्हा हा दोष चालणारा नव्हता. तांडेलांकडून पागाला, म्हणजे फेकून टाकायच्या जाळ्याला, लावतात त्या शिशाच्या गोळ्या आणल्या, सायकलच्या ट्यूबमध्ये भरून दोन्ही टोके बांधली आणि ते कडे नळीच्या शेपटाकडे चढवले. सुमारे ९०० ग्रॅम वजन भरले. कडे पुढे-मागे सरकवता येत असल्याने नेत्रिका बदलली तरी तोल साधता येतो. गोळ्यांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण त्यांना चंद्र दाखवायचा बाकी आहे.

१० मार्च, पहाटे

पावणेतीनला ओमेगा सेंटॉरी मध्यमंडलावर, म्हणजे बरोबर दक्षिणेला, आला. एडमंड हॅली यांनी १६७७ मध्ये हा साधा तारा नसल्याचे नोंदवले होते. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवर, कोटीच्या घरात तारे असलेला हा गोलाकार गुच्छ युरोपच्या बहुतेक भागातून क्षितिजावर येतच नाही. आमच्या सड्यावरून तो २५ अंश वर असतो. नुसत्या डोळ्यांना अंधुक ठिपका, द्विनेत्रीत कापसाचा बोळा. दुर्बिणीत ४८ पटीला तो धुरासारखा दिसला. १२० पटीला कडेकडेचे तारे एकेक सुटू लागले, जणू ओल्या पाटीवर कोणीतरी मूठभर रवा टाकला आहे आणि मधला ढीग मात्र अजून फुटलेला नाही.

मतलई वारा अंगाला चांगलाच बोचत होता आणि भिंगांवर दवाचा थेंब नव्हता. घरी पोहोचले तेव्हा कोंबडे आरवत होते. उद्या सोमवार, पहिला तास माझाच आहे. आजचा रविवार झोपेत जाणार.

३१ मार्च

शिमग्याचे पंधरा दिवस काही काम झाले नाही. पालखी घरोघर फिरत असताना सुतार, तांडेल, भाचा यांपैकी कोणीही कामाला मिळत नाही आणि मिळावे अशी अपेक्षाही नसावी.

आज पॉन्स-ब्रूक्स धूमकेतू पाहण्यासाठी स्वतःचाच नियम मोडून दुर्बीण चौपाटीवर नेली. तो ७१ वर्षांनी एकदा येतो, १८१२ मध्ये शोधला गेला होता आणि सध्या संध्याकाळी पश्चिमेला गुरूच्या खाली, मेषेतल्या हमल ताऱ्याजवळ आहे. पावणेआठला तो जेमतेम एक मूठ वर होता. धुरकटपणातून दुर्बिणीत मिळेना. द्विनेत्रीत हमलच्या शेजारी लहानसा पुसट गोळा दिसला, शेपटी अशी नाही. क्षितिजालगतची पुसट गोष्ट शोधताना एक अंशाच्या खिडकीतून पाहण्यापेक्षा साडेसहा अंशांची खिडकी बरी.

किंमत लगेच मोजली. पेटीच्या तळाशी वाळू गेली आणि टेफ्लॉन करकरू लागले. घरी सगळे खोलून धुतले, तरी लॅमिनेटवर दोन गोल ओरखडे राहिले आहेत.

१४ एप्रिल

आरशावर खारट पांढुरका थर दिसू लागला, म्हणून तो धुतला. कपलर काढला, आरसा बादलीतल्या पाण्यात दोन थेंब साबण टाकून अर्धा तास बुडवला, कापसाचा बोळा फक्त स्वतःच्या वजनाने एकदा ओढला आणि शेवटी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर ओतून उभा ठेवला. नळाचे पाणी शेवटी राहिले तर त्याचे डाग पडतात.

४ मे, शनिवार

शाळेला सुट्टी आहे. नववीच्या सहा मुलींना त्यांच्या पालकांसह सड्यावर नेले. दहाच्या सुमारास त्रिशंकू हा तारकासमूह दक्षिणेला सरळ उभा होता. वरचा तारा पंधरा अंशांवर, खालचा साडेनऊ अंशांवर. डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन तेजस्वी तारे. खाली समुद्रावर मासेमारीच्या दिव्यांची रांग इतकी प्रखर होती की, नैर्ऋत्येचे सात-आठ अंश आकाश उजळून गेले होते. त्रिशंकूचा पाय त्याच उजेडात बुडत होता. एका मुलीने विचारले, “बाई, हा राजा अजून पडतोच आहे का?” दर रात्री थोडा चढतो, थोडा उतरतो, असे सांगितले आणि अकरा वाजता ओमेगा दाखवला.

२६ मे

आकाश संपले. संध्याकाळी पश्चिमेला ढग जमतात आणि मतलई वारा येत नाही. हिशोब लिहून टाकते. आरसे ९,५००, फोकसर २,४००, दोन नेत्रिका ४,३००, पाइप १,१५०, कपलर ४८०, प्लाय २,६००, लॅमिनेट ९००, टेफ्लॉन ६५०, मजुरी ३,०००, रंग-स्क्रू-स्प्रिंगा १,१५०. दुर्बीण एकूण २६,१३० रुपयांना पडली. बुरशीची आणि नवी, दोन्ही द्विनेत्री धरून ३५,९३० रुपये. पुन्हा सुरुवात करायची झाली तर पहिले तीन महिने फक्त द्विनेत्री आणि बांबूची आरामखुर्ची यांवर काढेन, कारण सड्यावर कोणत्या वेळी काय कोठे असते हे आधी पाठ झाले असते तर दुर्बिणीच्या पहिल्या रात्री शोधाशोधीत गेल्या नसत्या.

९ जून

मृगाचा पाऊस सुरू झाला. नळी आणि पेटी माळ्यावर ठेवली, तोंडाला सुती कापड बांधून, कारण प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. आरसे, नेत्रिका आणि द्विनेत्री झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या पिंपात, एक किलो सिलिका जेल आणि आर्द्रतामापकासह, ३ जूनलाच ठेवल्या होत्या. जेल निळे असते, ओल शोषली की गुलाबी होते आणि तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होते.

आज सहाव्या दिवशी पिंप उघडले तर जेल पूर्ण गुलाबी. बाहेर ९० टक्के आर्द्रता आणि आत ७४. झाकणाच्या रबरी कड्याला एका जागी चीर होती. पुन्हा सायकलची ट्यूब कापून कडे केले, जेल परतून थंड केले आणि पिंप बंद केले. रात्री नऊला झाकणाच्या काचेतून मापक पाहिला, ४६ टक्के. पुढच्या रविवारी पुन्हा पाहायचे आहे.